बेरीतले अँटिऑक्सिडंट स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे द्रावणाने एका तरंगलांबीचा किती प्रकाश अडवला ते मोजणारं यंत्र. बेरीचा अर्क क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक चौकोनी नळीत, भरून बटण दाबलं की आकडा येतोच. अर्क गढूळ असला तरी येतो, तरंगलांबी चुकली तरी येतो, ब्लँक (शून्य ठरवायला लागणारं, नमुना नसलेलं द्रावण) घ्यायचा राहिला तरी येतो. यंत्र कधी कुरकुर करत नाही, आणि नवख्या माणसाची फसगत तिथेच होते. त्यातून बेरी म्हणजे मुळातच गडद रंगाचा नमुना. जी लाल-जांभळी रंगद्रव्यं, म्हणजे अँथोसायनिन, एका चाचणीत आपल्याला मोजायची असतात, तीच दुसऱ्या चाचणीत मोजमापाच्या आड येतात. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारा: आत्ता जो प्रकाश अडला, तो नेमका कोणी अडवला?

१. आधी चाचणी ठरवा

अँटिऑक्सिडंट नावाचा एकच एक पदार्थ नसतो. अँथोसायनिन, इतर फ्लेवोनॉइड, टॅनिन, क जीवनसत्त्व असे बरेच घटक मिळून ते काम करतात, आणि प्रत्येक चाचणी त्यातला वेगळा भाग पकडते. नेहमीच्या वापरातल्या चाचण्या अशा:

- पीएच-डिफरन्शियल पद्धत: फक्त अँथोसायनिन मोजते. वाचन ५२० आणि ७०० नॅनोमीटरवर. ही एओएसीची (विश्लेषणाच्या पद्धती प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) अधिकृत पद्धत आहे, क्रमांक २००५.०२.
- फोलिन-सिओकाल्टो: एकूण फिनॉल (अँथोसायनिन, फ्लेवोनॉइड, टॅनिन हे सगळे यात येतात). वाचन ७६५ नॅनोमीटरवर.
- एबीटीएस: अर्क किती मुक्त मूलकं (एकटा इलेक्ट्रॉन असलेले, चटकन क्रिया करणारे रेणू) निकामी करतो ते दाखवते. वाचन ७३४ वर.
- डीपीपीएच: काम तेच, पण वाचन ५१५ ते ५१७ वर.
- फ्रॅप: अर्काची लोहाचं क्षपण करण्याची ताकद. वाचन ५९३ वर.

तयारीला सोपी म्हणून बहुतेक जण डीपीपीएचपासून सुरुवात करतात. बेरीसाठी ती शेवटी ठेवा; कारण आठव्या पायरीत येईल. पहिल्यांदा करताना पीएच-डिफरन्शियल, फोलिन आणि एबीटीएस या तिघी पुरतात.

२. सामान गोळा करा

उपकरणं: दृश्य प्रकाशाचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, १ सेंटिमीटरचे क्युव्हेट, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू, पीएच मीटर, सेंट्रिफ्यूज, मायक्रोपिपेट, ५० आणि १०० मिलीचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर, गडद बाटल्या किंवा ॲल्युमिनियम फॉइल.

रसायनं: मिथेनॉल, इथेनॉल, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, पोटॅशियम क्लोराइड, सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, फोलिन अभिकर्मक, सोडियम कार्बोनेट, गॅलिक आम्ल, एबीटीएसचं डायअमोनियम क्षार, पोटॅशियम परसल्फेट, ट्रोलॉक्स (तुलनेसाठी वापरायचं प्रमाण अँटिऑक्सिडंट). डीपीपीएच करणार असाल तर तेही.

क्युव्हेटबद्दल दोन गोष्टी. वरच्या सगळ्या चाचण्या दृश्य प्रकाशातल्या असल्यामुळे क्वार्ट्‌झची गरज नाही, काच चालते. पॉलिस्टायरीनचे प्लास्टिक क्युव्हेट पाण्याच्या द्रावणांना ठीक आहेत, पण ॲसिटोन लागलं की ते विरघळू लागतात. भिंत धुरकट होते, आणि तो धुरकटपणा तुमच्या आकड्यात मिसळतो.

मिथेनॉल विषारी आहे. त्वचेतून आणि श्वासातूनही अंगात जातं आणि पटकन पेटतं. मिथेनॉल आणि तीव्र आम्ल ही दोन्ही कामं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

३. नमुना: वितळू देऊ नका

ताजी फळं निवडून, धुऊन, पाणी टिपून लगेच गोठवा. नंतर गोठलेल्या अवस्थेतच, द्रव नायट्रोजन किंवा कोरड्या बर्फासोबत, दळून त्यांची पूड करा. फळ वितळलं की पेशी फुटतात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर मोकळं होतं आणि फिनॉलवर तुटून पडतं. वाटीत तळाशी जमलेला रस काळपट पडताना दिसतो, तो याचाच परिणाम. शिवाय त्या रसात रंगद्रव्यही उतरलेलं असतं; रस ओतून टाकून उरलेलं फळ तोललं तर आकडा कमी येणारच.

फळ अख्खं दळा. लागवडीच्या ब्लूबेरीचा गर फिका असतो आणि जवळपास सगळा रंग सालीत असतो, त्यामुळे पूड एकजीव झाली नाही तर एका चमच्यात साल जास्त आणि दुसऱ्यात गर जास्त येतो. रास्पबेरी आणि स्ट्रॉबेरीच्या बियांमध्ये एलॅजिटॅनिन असतात. बिया भरडल्या की नुसत्या गाळून टाकल्या, यावर फोलिनचा आकडा हलतो. दोन्हीपैकी काहीही करा, पण सगळ्या नमुन्यांना एकच नियम लावा आणि वहीत लिहून ठेवा.

किती नमुने? एकाच अर्काचे तीन क्युव्हेट म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यातून फक्त तुमचा पिपेटचा हात किती स्थिर आहे ते कळतं. फळांच्या ढिगातून तीन वेगवेगळे वाटे घ्या आणि तिन्हींचा अर्क स्वतंत्रपणे काढा.

४. अर्क काढणं

द्रावक: ८०% मिथेनॉल, त्यात लिटरमागे १ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल असल्यामुळे अँथोसायनिन लाल आणि टिकाऊ रूपात राहतं. जास्त आम्ल म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. आम्ल वाढवलं किंवा अर्क गरम केला की अँथोसायनिनला जोडलेली साखर तुटते, आणि उरलेला भाग फार काळ तग धरत नाही. टॅनिनवर भर असेल तर ७०% ॲसिटोन चांगलं, फक्त क्युव्हेट काचेचे घ्या.

- ५ ग्रॅम गोठलेली पूड तोला. वजन शेवटच्या अंकापर्यंत लिहा, ५.०३ असेल तर ५.०३.
- २० मिली थंड द्रावक घाला, अंधारात ३० मिनिटं हलवत ठेवा.
- ४००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. हे जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) आहे, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. रोटरची त्रिज्या बदलली की तेच आरपीएम वेगळा जोर देतं.
- वरचा नितळ अर्क काढून घ्या. खालच्या चोथ्यावर १५ मिली द्रावक घालून पुन्हा तेच, मग १० मिली घालून तिसऱ्यांदा.
- तिन्ही अर्क ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये एकत्र करून द्रावकाने खुणेपर्यंत भरा.

तिसऱ्या खेपेचा अर्क एकदा वेगळा ठेवून बघा. तो अजूनही ठसठशीत गुलाबी असेल तर त्या फळाला चौथी खेप लागणार, आणि मग आधीच्या खेपांचं द्रावक थोडं कमी करावं लागेल, नाहीतर एकूण ५० मिलीच्या पुढे जाईल.

५ ग्रॅमचा अर्क ५० मिलीला आणण्यात एक सोय आहे: अर्कातले मिलिग्रॅम प्रति लिटर आणि फळातले मिलिग्रॅम प्रति १०० ग्रॅम हा आकडा एकच येतो. पण वजन किंवा आकारमान बदललं की ही सोय संपते. सवयीने तोच आकडा उतरवून मोकळं होणं ही नेहमीची चूक.

५. यंत्र तपासा

दिवा २० ते ३० मिनिटं आधी सुरू करा. सगळ्या क्युव्हेटमध्ये पाणी भरून ५२० वर वाचन घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा ०.०१ ने वेगळा दिसला तर तो बाजूला ठेवा. क्युव्हेट नेहमी खडबडीत बाजूंनी धरा, पारदर्शक बाजू मऊ कागदाने पुसा, आत बुडबुडा चिकटलेला नाही ना ते बघा.

यंत्र दाखवतं तो आकडा म्हणजे ॲब्सॉर्बन्स. ॲब्सॉर्बन्स १ म्हणजे १०% प्रकाश पलीकडे पोहोचला; २ म्हणजे १%; ३ म्हणजे ०.१%. इतक्या कमी प्रकाशात यंत्राच्या आत इकडेतिकडे भटकणारा प्रकाशही मोजला जातो, आणि आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो. गडद बेरीचा अर्क विरळ न करता ठेवला तर तो फिका असल्यासारखा दिसतो, ते यामुळे. वाचन ०.२ ते १.० च्या दरम्यान बसवा. वर गेलं तर विरळ करा. आलेल्या आकड्याला मनाने गुणू नका.

मायक्रोप्लेट वापरणार असाल तर लक्षात ठेवा की तिथे प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर नसतो, विहिरीत किती द्रावण भरलं त्यावर तो ठरतो. पुढच्या पायरीतलं सूत्र प्लेटवर जसंच्या तसं लावता येत नाही.

६. अँथोसायनिन: दोन पीएच, चार वाचनं

ही पद्धत फार सुंदर आहे, कारण ती आपल्या मूळ प्रश्नाला सरळ भिडते. पीएच १.० ला अँथोसायनिन लाल असतं, पीएच ४.५ ला जवळपास रंगहीन होतं. अर्कातला दुसरा तपकिरी-लालसर रंग, म्हणजे खराब झालेली, एकमेकांना चिकटलेली रंगद्रव्यं, दोन्हीकडे तशीच राहतात. एकातून दुसरं वजा केलं की उरतं ते फक्त जिवंत अँथोसायनिन. ७०० वर अँथोसायनिन प्रकाश शोषत नाही. तिथे जे काही दिसतं तो गढूळपणा, म्हणून तोही वजा.

बफर १: १.८६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड सुमारे ९८० मिली पाण्यात विरघळवून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच १.० वर आणा, मग १ लिटर करा.

बफर २: ५४.४३ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट सुमारे ९६० मिली पाण्यात, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ४.५, मग १ लिटर. बाटलीवर ट्रायहायड्रेट लिहिलंय की निर्जल, ते वाचा. निर्जल असेल तर ३२.८ ग्रॅमच लागेल.

कृती:

- आधी पीएच १.० च्या बफरमध्ये अर्क विरळ करत जाऊन ५२० चं वाचन योग्य पट्ट्यात कितीपट विरळ केल्यावर बसतं ते शोधा. ब्लूबेरीसाठी १० पटांपासून सुरुवात करा: ०.४ मिली अर्क आणि ३.६ मिली बफर.
- तेवढ्याच पटीने पीएच ४.५ च्या बफरमध्येही विरळ करा. दोन्हीकडची पट एकच हवी.
- अर्काचा वाटा एकूण आकारमानाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नको. जास्त झाला तर अर्कातलं आम्ल बफरवर मात करतं, पीएच ४.५ राहत नाही, रंग पुरता जात नाही आणि उत्तर कमी येतं. शंका आली तर मिश्रणाचा पीएच मोजून बघा.
- २० मिनिटं थांबा, आणि तयार केल्यापासून ५० मिनिटांच्या आत चारही वाचनं संपवा. ब्लँक शुद्ध पाण्याचा.

हिशेब समजायला मानलेले आकडे घेऊ. पीएच १.० ला ५२० वर ०.८४२, ७०० वर ०.०२१, पीएच ४.५ ला ५२० वर ०.११८, ७०० वर ०.०२४.

फरक = (०.८४२ − ०.०२१) − (०.११८ − ०.०२४) = ०.८२१ − ०.०९४ = ०.७२७

मिलिग्रॅम प्रति लिटर = फरक × ४४९.२ × विरलीकरणाची पट × १००० ÷ (२६९०० × १)
= ०.७२७ × ४४९.२ × १० × १००० ÷ २६९०० = १२१.४

४४९.२ हा सायनिडिन-३-ग्लुकोसाइडचा रेणुभार आणि २६९०० हा त्याचा मोलर शोषण गुणांक. आपला अर्क ५ ग्रॅमला ५० मिली आहे, म्हणून फळातही १०० ग्रॅममागे १२१.४ मिलिग्रॅम.

स्ट्रॉबेरीत मुख्य रंगद्रव्य पेलार्गोनिडिनचं असतं, सायनिडिनचं नाही. तरी तुलनेच्या सोयीसाठी अनेक जण सायनिडिनचेच आकडे वापरतात. ते चालतं, पण ‘सायनिडिन-३-ग्लुकोसाइड समतुल्य’ हे शब्द निकालासोबत हवेतच. गुणांक बदलला की तेच फळ एकदम श्रीमंत किंवा गरीब दिसायला लागतं.

७०० चं वाचन ०.०५ च्या वर गेलं तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा तो पेक्टिनचा साका असतो. अर्क पुन्हा सेंट्रिफ्यूज करा किंवा फिल्टरमधून सोडा.

७. एकूण फिनॉल: क्रम चुकवू नका

गॅलिक आम्लाचं मूळ द्रावण: ०.५०० ग्रॅम १० मिली इथेनॉलमध्ये विरघळवून पाण्याने १०० मिली. त्यातले १, २, ३, ५ आणि १० मिली वेगवेगळे घेऊन प्रत्येकी १०० मिली केले की ५०, १००, १५०, २५० आणि ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरची प्रमाण द्रावणं तयार होतात. पाणी हे शून्य.

प्रत्येक नळीत २० मायक्रोलिटर नमुना, १.५८ मिली पाणी, १०० मायक्रोलिटर फोलिन. हलवा. अर्धा मिनिट ते ८ मिनिटं या वेळात ३०० मायक्रोलिटर २०% सोडियम कार्बोनेट घाला. पुन्हा हलवा. २० अंश सेल्सिअसला २ तास ठेवून ७६५ वर वाचन.

कार्बोनेट आधी घालून चालत नाही. ही क्रिया अल्कधर्मी द्रावणातच चालते, पण फोलिन अभिकर्मक स्वतः त्या द्रावणात फार वेळ टिकत नाही. फिनॉल आधीपासून शेजारी असेल तरच तो उपयोगी पडतो. दुसरी अडचण थंडीची: गार खोलीत कार्बोनेटचे स्फटिक बाहेर पडतात आणि नळी धुरकट होते. द्रावण वापरण्याआधी गाळा. फोलिनची बाटली पिवळी असायला हवी. हिरवट झाली असेल तर तिचं आधीच कशाने तरी क्षपण झालंय, ती टाकून द्या.

आणि पुन्हा तोच प्रश्न: ७६५ चा निळा रंग कोणी आणला? फोलिन फक्त फिनॉलशी बोलत नाही. क जीवनसत्त्व, सल्फाइट, काही प्रमाणात साखरही त्याला निळं करते. स्ट्रॉबेरीत १०० ग्रॅममागे साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, ब्लूबेरीत १० च्या आसपास. दोघींचे फोलिनचे आकडे शेजारी मांडताना स्ट्रॉबेरीला ही भर मिळालेली असते. क जीवनसत्त्व वेगळं मोजता आलं तर तेवढ्या प्रमाणात ॲस्कॉर्बिक आम्ल फोलिनमधून चालवा आणि येणारं उत्तर वजा करा.

८. मुक्त मूलकांची चाचणी: एबीटीएस आधी, डीपीपीएच नंतर

एबीटीएसची तयारी आदल्या दिवशी संध्याकाळी करावी लागते. ३८.४ मिलिग्रॅम एबीटीएस आणि ६.६ मिलिग्रॅम पोटॅशियम परसल्फेट मिळून १० मिली पाण्यात घ्या. हे होतात ७ आणि २.४५ मिलिमोलर. अंधारात १२ ते १६ तास ठेवा. सकाळी द्रावण गडद निळं-हिरवं झालेलं असतं. इथेनॉलने विरळ करत ७३४ वरचं वाचन ०.७० ± ०.०२ वर आणा.

१.० मिली निळं द्रावण आणि १० मायक्रोलिटर नमुना, ३० अंशांना ६ मिनिटं, मग वाचन. नियंत्रण नळीत नमुन्याऐवजी तेवढंच द्रावक. द्रावकानेही रंग थोडा उतरतो. ट्रोलॉक्सचं मूळ द्रावण ६२.६ मिलिग्रॅम १०० मिली इथेनॉलमध्ये, म्हणजे २.५ मिलिमोलर, त्यातून ०.२५ ते १.५ मिलिमोलरची पाच द्रावणं करा. बेरीचा अर्क आधी ५ पट विरळ करून बघा. रंग २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान उतरला पाहिजे. ९५% उतरला म्हणजे फळ फार गुणी असं नाही. नळीतलं एबीटीएस संपलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता डीपीपीएच. ३.९४ मिलिग्रॅम १०० मिली मिथेनॉलमध्ये, ०.१ मिलिमोलर. जांभळं द्रावण नमुन्यासोबत ३० मिनिटं अंधारात ठेवायचं आणि ५१७ वर वाचायचं. गंमत बघा, अँथोसायनिन नेमकं तिथेच, ५२० च्या आसपास, प्रकाश अडवतं. डीपीपीएचचा रंग उतरत असतो आणि बेरीचा रंग त्याच खिडकीत उभा असतो. मानलेल्या आकड्यांत: नियंत्रण ०.९८०, नमुना आणि डीपीपीएच मिळून ०.४३०, नमुना आणि नुसतं मिथेनॉल (हा रंग-ब्लँक) ०.१६०.

ब्लँकशिवाय: (०.९८० − ०.४३०) ÷ ०.९८० = ५६.१%
ब्लँक वजा करून: (०.९८० − ०.२७०) ÷ ०.९८० = ७२.४%

नमुना तोच, पिपेटही तोच. एक नळी जास्त लावली नाही तर सोळा टक्के गेले. म्हणून डीपीपीएच करायचीच तर प्रत्येक नमुन्याला, प्रत्येक विरलीकरणाला त्याचा स्वतंत्र रंग-ब्लँक हवा. तोही पुरता न्याय देत नाही, कारण डीपीपीएचशी क्रिया होताना अँथोसायनिनचा स्वतःचा रंगही बदलतो. ७३४ वर अँथोसायनिन गप्प असतं. गडद बेरींसाठी एबीटीएस निवडायचं ते एवढ्याचसाठी.

९. आकडा लिहिताना

प्रमाण-वक्र (प्रमाण द्रावणांच्या वाचनांचा आलेख) रोज नवा काढा, कालचा वापरू नका. नमुन्याचं वाचन वक्राच्या दोन टोकांच्या आत असलं पाहिजे. फिनॉल गॅलिक आम्ल समतुल्य मिलिग्रॅममध्ये आणि एबीटीएस ट्रोलॉक्स समतुल्य मायक्रोमोलमध्ये लिहा. सोबत ‘ताज्या वजनावर’ की ‘कोरड्या वजनावर’ हे हवंच. बेरीत साधारण ८५% पाणी असतं, त्यामुळे एकच फळ कोरड्या वजनावर सहा-सात पट मोठं दिसतं.

या आकड्यांवरून फळ खाणाऱ्याच्या शरीरात काय होईल ते सांगू नका. ओरॅक या प्रतिदीप्तीवर चालणाऱ्या चाचणीच्या आकड्यांचा संग्रह अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतला तो याच कारणाने: नळीतली ताकद आणि शरीरावरचा परिणाम यांचा मेळ बसत नव्हता. जातींची तुलना, साठवणुकीत किती घट झाली, कुठल्या द्रावकाने जास्त निघालं, यासाठी मात्र या चाचण्या भरवशाच्या आहेत.

फळ न कापता जवळ-अवरक्त प्रकाशाने मोजणारी हातातली यंत्रंही आहेत. त्यांना आधी शिकवावं लागतं, आणि शिकवायला लागणारे खरे आकडे याच ओल्या चाचण्यांतून येतात.

१०. उरलेला अर्क

लहान लहान वाट्यांत भागून, नळीत हवा कमीत कमी ठेवून, उणे २० अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवा. प्रत्येक नळीवर फळ, वाटा क्रमांक, तोललेलं वजन, अंतिम आकारमान आणि तारीख लिहा. मिथेनॉलमध्ये शाई विरघळते, म्हणून पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून वरून पारदर्शक पट्टी चिकटवा. एकदा बाहेर काढून वापरलेली नळी पुन्हा थंडीत ठेवू नका. मिथेनॉल असलेलं उरलंसुरलं बेसिनमध्ये न ओतता ज्वलनशील कचऱ्याच्या बाटलीत जाऊ द्या, आणि फोलिनचा निळा कचरा त्यात न मिसळता वेगळ्या बाटलीत.